श्रीखंडाच्या डब्यातला हतनूर

इराणात कॅस्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाचं गाव आहे. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी देशोदेशींच्या प्रतिनिधींनी पाणथळ जागा वाचवायचा करार ठरवला आणि मग त्यावर सह्या केल्या. हेतू चांगलाच होता. पण आपली सही कुठवर जाऊन पोचणार आहे, याचा त्या बिचाऱ्यांना अंदाज नसावा. ती पन्नासेक वर्षांनी भुसावळजवळच्या दीपनगरात पोचली. ऐन थंडीत पहाटे पाचला इथल्या आया पोळ्या लाटत होत्या आणि "पाणथळ म्हणजे चिखलच ना? मग पांढरे बूट कोणी सांगितले?" असं पोरांना खडसावत होत्या, त्याचं मूळ रामसरला आहे.

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. जानेवारी सरत आला की शाळाशाळांना त्याची आठवण होते. आता 'दिन' म्हटला की तो साजरा करावा लागतो, साजरा केला की फोटो लागतात आणि फोटो काढायचे तर कुठेतरी जावं लागतं. या जाण्याला शाळेच्या भाषेत क्षेत्रभेट म्हणतात. क्षेत्रभेटीत क्षेत्र सोडून बाकी सगळ्यांची भेट होते, असा माझा अनुभव आहे. मुलांना डबा भेटतो, सरांना शिट्टी वाजवायला मोकळं रान भेटतं, आणि पालक प्रतिनिधीला उन्हात उभं राहायला भेटतं. पालक प्रतिनिधी मीच होतो. तो निवडण्याची रीत सोपी आहे. सभेत "कोण येईल?" असं विचारल्यावर ज्याने खाली बघायला उशीर केला, तो.

दीपनगर माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. नागपूर रस्त्याने भुसावळ मागे पडलं की आभाळात चिमण्या दिसू लागतात. आमच्याकडे चिमणी म्हटलं की मुलं वर बघतात खरी, पण पाखरासाठी नाही. इथे औष्णिक वीज केंद्र आहे. ५०० मेगावॉटचे दोन संच, आता शेजारी ६६० मेगावॉटचा नवा. कोळसा मालगाड्यांतून येतो आणि पाणी येतं तापीचं, हतनूर धरणातून. बॉयलरमध्ये सोडायचं पाणी इतकं शुद्ध करावं लागतं की त्यात क्षारसुद्धा ठेवून चालत नाही, नाहीतर नळ्यांना पुटं चढतात. म्हणजे इथले बाप तीन पाळ्यांत राबून पाण्यात जे काही आहे ते काढून टाकतात, आणि त्यांची पोरं बस करून निघाली होती त्याच पाण्यात काय आहे ते बघायला. घरोघरी हा विसंवाद असतोच, पण तो इतका सरळ नळाने जोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

सूचनांची चिठ्ठी आदल्या आठवड्यात आली होती. टोपी, पाण्याची बाटली, डबा, भिंग असल्यास भिंग, चहाची गाळणी, आणि श्रीखंडाचा रिकामा पांढरा डबा. यातल्या शेवटच्या दोन वस्तूंनी घराघरांत खळबळ उडवली. गाळणी नेली तर सकाळच्या चहाचं काय? (त्या दिवशी बऱ्याच घरांत चहा फडक्याने गाळला गेला. या फडक्याची गोष्ट पुढे येणार आहे.) आणि श्रीखंडाचा रिकामा डबा नावाची वस्तू मराठी घरात नसतेच. श्रीखंड संपतं, पण डबा रिकामा होत नाही. त्यात मोहरी असते, सुया-दोरे असतात, फुटकी कपबशी जोडायचा डिंक असतो. एकेक डबा सोडवून घेताना मुलांची दमछाक झाली. वरून प्रत्येक आईने मार्करने डब्याच्या बुडाला नाव घातलं आणि सांगितलं, "झाकणासकट परत आण." एका मुलाने श्रीखंडासकट डबा आणला आणि बस सुटायच्या आत तो नियमात बसवला.

हतनूरची आमच्याकडची ओळख म्हणजे ४१ दरवाजे. पावसाळ्यात 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले' ही बातमी आली की आम्ही छत्री शोधतो. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो, त्याच्या खाली हे धरण. दोन्ही नद्या येताना गाळ घेऊन येतात आणि तो इथे टाकून पुढे जातात. धरण गाळाने भरत चाललं म्हणून इंजिनिअर हळहळतात, ते योग्यच आहे. पण त्याच गाळाने काठ उथळ झालेत, आणि उथळ काठ म्हणजे लांब टांगांच्या पाखरांची चंगळ. शेकाटे आपले गुलाबी पाय घेऊन त्यात असे फिरतात, जणू गाळ त्यांच्यासाठीच मंजूर करून आणलाय. पाणलोटाची सभा भरवली आणि त्यात शेकाट्यांना मत दिलं तर गाळ काढायचा ठराव कधीच पास होणार नाही.

आम्ही उतरलो तेव्हा पाण्यावर काळ्या पाखरांचा मोठा जमाव होता. कपाळावर पांढरा टिळा. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, हे वारकरी. मुक्ताई आणि चांगदेव दोघेही हाकेच्या अंतरावर असताना त्यांनी मुक्कामाला ही जागा निवडावी, हे मला फार पटलं. मॅडमनी "आता कुणीही आवाज करू नका" म्हटलं, आणि मुलं शांत राहावीत म्हणून पीटीच्या सरांनी जोरात शिट्टी मारली. वारकरी पंढरपूरला निघाले. मागोमाग थापट्या बदकं उठली, चक्रवाकांची एक जोडी कुरकुरत उठली, आणि पक्षी निरीक्षण हा कार्यक्रम पाऊण मिनिटात आटोपला. उरलेले दूरचे ठिपके बघायला दुर्बीण होती. एकच. ती सरांच्या गळ्यात होती आणि प्रत्येकाला दहा अंक मोजेपर्यंत मिळत होती. दुर्बिणीत आधी स्वतःच्या पापण्या दिसतात, मग धुकं दिसतं, मग आभाळ दिसतं, आणि पाणी दिसायला लागलं की दहा होतात.

मग बॅनर. फ्लेक्सवाल्याकडे पाण्याचं एकच चित्र असावं. त्यात निळंशार सरोवर, दोन राजहंस आणि मागे बर्फाचे डोंगर होते. तो आडवा धरून सगळ्यांनी हतनूरकडे पाठ केली आणि फोटो काढला. फोटोत हतनूर दिसू नये इतका बॅनर मोठा होता. खरं तर आता परतलो असतो तरी चाललं असतं. दिन साजरा झाला होता.

पण या मॅडम बारीक अंगाच्या आणि भारी जिद्दीच्या. त्यांनी सातवीच्या चाळीसएक मुलांना काठाच्या गवताशी नेलं. काठाने बेशरम माजली होती. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही झुडपं आता आपल्याकडे पाणी दिसेल तिथे ठाण मांडून असतात. चीक विषारी, शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. मुलं त्यात शिरताहेत असं पाहून सर ओरडले, "बेशरम!" तर सहाजणांनी चटकन वळून पाहिलं आणि त्यातला एक म्हणाला, "सर, मी नाही, हा."

एवढ्यात होडी काठाला लावून एक बाबा मासळीचं जाळं उलगडत बसले होते, त्यांचं लक्ष गेलं. चाळीस पोरं चहाच्या गाळण्या घेऊन पाण्यावर वाकलेली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं,

"काय हारपलं का भो तठी?"

"नाही बाबा, अभ्यास चाललाय," सर म्हणाले.

"कायचा?"

"किड्यांचा."

बाबांनी जाळं खाली ठेवलं. "मंग माह्या वावरात यायचं ना भो. फरदड उभी हाये अजून. बोंडअया पायजे तितक्या. अठी पाण्यात कायले उतरले?"

सरांकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. कापसाची फरदड ठेवू नका, बोंडअळीला वर्षभर घर मिळतं, असं कृषी खातं घसा कोरडा करून सांगतं. ते त्यांना सांगावं असं मनात आलं, पण आपण एका हातात गाळणी आणि दुसऱ्या हातात गुलाबी झाकणाचा डबा धरलेला असताना कुणाला सल्ला देऊ नये.

मॅडमची पद्धत अशी. मधल्या मोकळ्या पाण्यात गाळणी फिरवायची नाही, तिथे काही राहत नाही. काठाच्या गवताच्या मुळांतून, शेवाळातून, बुडाच्या गाळाला खरवडत एकदा गाळणी ओढायची. श्रीखंडाच्या डब्यात दोन बोटं पाणी घ्यायचं, गाळणी त्यात उलटी करून आपटायची. डब्यात दिसतो तो निव्वळ चिखल, काड्या, कुजकी पानं. मग त्या म्हणाल्या, "आता दोन मिनिटं काहीही करायचं नाही."

सातवीच्या वर्गाला काहीही न करायला सांगणं ही शिक्षणशास्त्रातली सर्वात अवघड सूचना असावी. पाढे म्हणा, उठाबशा काढा, झाडू मारा, सगळं ते करतील. पहिल्या अर्ध्या मिनिटात तीन डबे हलले, एक लवंडला. सरांची चुळबुळ तर मुलांपेक्षा जास्त. त्यांच्या आयुष्यात शिट्टी आणि शिट्टी यांच्या मध्ये इतका वेळ कधी गेलेला नसावा.

पण गाळ खाली बसला. पांढऱ्या बुडावर पाणी निवळलं आणि जे कचरा वाटत होतं त्यातलं अर्धं चालायला लागलं.

आधी पाणपिसवा दिसल्या, टुणटुण उड्या मारत वर यायच्या, दमल्यासारख्या खाली जायच्या. मग एक किडा पाठीवर पडून, दोन लांब पायांची वल्ही मारत, आभाळाकडे बघत गेला. "मॅडम, हा मेलाय पण पळतोय!" असं त्याचं वर्णन एका मुलीने केलं, आणि उलट्या पोहणाऱ्या किड्याचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पलीकडे एकदम ओरड झाली, "विंचू! विंचू!" चार डबे आणि अकरा मुलं सैरावैरा झाली. तो पाणविंचू होता. नांगीसारखी दिसणारी त्याची शेपटी म्हणजे श्वास घ्यायची नळी. बुडाशी लपून तो ती नळी वर काढून हवा ओढत बसतो. मॅडमनी त्याला काडीवर घेऊन दाखवलं. पळालेल्यांपैकी सर्वात लांब सर पोचले होते, पण ते "मुलांना आवरायला" गेले होते, असं नंतर कळलं.

मग आला तो किडा, ज्याने त्या दिवसाचं वातावरण थोडं बिघडवलं. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, चपटा, तपकिरी, आणि पाठीवर साबुदाणा चिकटवून बसवल्यासारखी अंड्यांची दाट रांग.

"अय्या, आई आहे ही!" मुली म्हणाल्या.

"नाही," मॅडम म्हणाल्या, "बाबा आहे."

मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. पाठीवर अंडी असेपर्यंत त्याला उडता येत नाही. अंड्यांना हवा लागते म्हणून तो मधूनमधून पाण्याच्या वर पाठ काढतो, मागच्या पायांनी त्यांच्यावर पाणी खेळवतो, बुरशी धरू देत नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत हेच काम.

"आणि आई कुठे जाते?"

"तिच्या कामाला."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सरांकडे. असं बघणं मी घरी ओळखतो. सर म्हणाले, "निसर्गात अपवाद असतात." मॅडम म्हणाल्या, "सर, थोड्या वेळाने डबे तुम्ही वाटाल का?" सरांनी पुढे खरोखरच डबे वाटले, आणि मी पाणी. दोघांनाही उडता येत नव्हतं.

तरी बाबा किड्याची लोकप्रियता दहा मिनिटंच टिकली, कारण शेजारच्या डब्यात चतुराची अळी निघाली. चतुर म्हणजे मुलांचं हेलिकॉप्टर. पावसाळा संपता संपता मैदानावर घिरट्या घालतात ते. त्यांचं बालपण पाण्यात जातं, आणि ते बालपण दिसायला मुळीच गोंडस नसतं. चिखलाच्या रंगाचं, सहा पायांचं, डोळे वटारलेलं ध्यान. तोंडाखाली घडी घालून ठेवलेला जबडा असतो. डासाची एक अळी वळवळत जवळून गेली. जबड्याची घडी कधी उलगडली आणि कधी मिटली हे कुणालाच दिसलं नाही. फक्त डासाची अळी नव्हती. मुलांनी "परत! परत!" असा गिल्ला केला, आणि चतुराच्या अळीनेही भूक असल्याने प्रयोग परत केला.

मग एकाने तिला काडीने डिवचलं. ती पाय न हलवता सटकन पुढे गेली.

"मॅडम, ही पळते कशी?"

मॅडम क्षणभर थांबल्या. शिक्षकाच्या आयुष्यात खरं सांगायचं की सोयीचं, असे क्षण येतात. मॅडमनी खरं सांगितलं. हिचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या टोकाला असतात. मागून पाणी आत घ्यायचं, त्यातला प्राणवायू वापरायचा, आणि घाई असेल तेव्हा तेच पाणी मागून जोरात सोडायचं, की पुढे झेप.

"म्हणजे मॅडम... ती श्वास..."

"हो."

"आणि पळते पण..."

"हो, तिथूनच. लिहून घ्या."

चाळीस मुलांना एकाच वेळी, मनापासून, शेवटच्या बाकापर्यंत विज्ञानाची गोडी लागलेली पाहायची असेल तर हा धडा घ्यावा. सरांनी तीनदा शिट्टी वाजवली, पण त्या शिट्टीलाही आता वेगळाच अर्थ येत होता, त्यामुळे त्यांनी ती खिशात ठेवली. काही मुलांनी जेट इंजिनाचं तत्त्व काठावर प्रत्यक्ष करून दाखवलं. न्यूटनचा तिसरा नियम या वर्गाला पुढे कधीच शिकवावा लागणार नाही.

यानंतर सूक्ष्मदर्शक म्हणजे खरं तर उतार होता. शाळेकडे एक फोल्डस्कोप आहे. कागदाच्या घड्या घालून केलेला, खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक. मूळचे मेरठचे आणि आता अमेरिकेत स्टॅनफर्डला असलेले मनू प्रकाश यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत तो तयार केला, स्वस्तात स्वस्त व्हावा म्हणून. पाण्याचा थेंब ठेवला आणि रांग लागली. पहिल्या मुलाला स्वतःची पापणी दिसली. दुसरीला जाड काळ्या कडेचं सुरेख वर्तुळ दिसलं. "मला दिसलं, मला दिसलं!" तो हवेचा बुडबुडा होता. तरी पुढच्या पंधराजणांनी तोच पाहिला, वहीत काढला, आणि दोघांनी त्याला केंद्रकही दाखवलं.

अमिबा मात्र कुणालाच दिसला नाही, आणि तो आमच्या वेळीही कुणाला दिसत नसे. त्याला ठरावीक आकार नसतो, हे पाठ्यपुस्तकात पहिल्याच वाक्यात लिहिलेलं असतं. तरीही त्याची आकृती काढल्यावर मला "आकार चुकला" म्हणून अर्धा गुण कमी मिळाला होता. गाईडमध्ये जो अमिबा छापलेला असतो, तोच शासनमान्य.

या सगळ्या बघण्याचा मूळपुरुष कापडाचा व्यापारी होता, हे आमच्या कापसाच्या जिल्ह्यात सांगण्यासारखं आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेवेनहूक. कापडाचे धागे तपासायला त्या धंद्यात भिंग लागायचंच. याला भिंगाचाच नाद लागला. १६७४ मध्ये त्याने जवळच्या सरोवराचं हिरवट पाणी आणून भिंगाखाली धरलं आणि त्यात फिरणारे जीव पाहून थेट लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र धाडलं. आपल्या बाजारात सरकीचा भाव पडला म्हणून पत्रं लिहिणारे व्यापारी बरेच. पाण्यात काय दिसलं म्हणून लिहिणारा मला तरी भेटलेला नाही.

रांगेत शेवटी शाळेचे शिपाईमामा उभे राहिले. निवृत्तीला आलेले गृहस्थ, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांना मात्र पापणी दिसली नाही, बुडबुडा दिसला नाही. त्यांना सरळ एका डोळ्याचा, झटके देत पळणारा जीव दिसला.

"मॅडम, याला एकच डोळा आहे."

"सायक्लोप्स म्हणतात मामा. पूर्वी नारू व्हायचा ना, तो याच्यातून."

मामांनी फोल्डस्कोप खाली ठेवला. त्यांच्या आजीला नारू झाला होता. त्यांच्या गावी पायऱ्यांची विहीर होती, लोक पाण्यात उतरूनच घागर भरायचे. आजीच्या घोट्याशी फोड आला, फुटला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायला लागला. ओढला तर तुटतो. म्हणून तो काडेपेटीच्या काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडासा. हे सांगताना मामा बोटावर बोट फिरवत होते. आजी अंगणात पाय पसरून बसायची, आणि मामा लहान, ते रोज मोजायला जायचे, आज किती आला.

मॅडमनी बाकीचं सांगितलं. नारू झालेला माणूस विहिरीत उतरला की किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, ती सायक्लोप्स खातो, आणि तो सायक्लोप्स पाण्याबरोबर आपण पितो. याच्यावर लस निघाली नाही, औषधाने किडा मारता आला नाही. लोकांना पाणी फडक्याने गाळून प्यायला लावलं, पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा वरून पाणी ओढायच्या केल्या, पाण्यात औषध टाकलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. एवढा मोठा आजार गेला तो मुख्यतः आज सकाळी ज्याने चहा गाळला त्या फडक्याने.

मुलं गप्प होती. मग एकाने हळूच आपली पाण्याची बाटली उन्हात धरून बघितली. लगेच चाळीस बाटल्या उन्हात धरल्या गेल्या.

त्यामुळे जेवणाआधी धरणात हात धुवायला कुणीच तयार होईना. एवढं मोठं धरण समोर पसरलेलं, आणि आम्ही वीस लिटरच्या जारमधून एकेकाच्या हातावर चमचाभर पाणी घालतोय. डब्यांत भरीत होतं, कळण्याच्या भाकरी होत्या, ठेचा होता, आणि केळी तर आमच्याकडे मोजत नाहीत. मघाचे बाबा बोलावल्यावर येऊन बसले. त्यांनी त्याच पाण्यात हात बुडवून धुतले, भरीत-भाकरी खाल्ली, आणि बाबा किड्याची गोष्ट मुलींनी सांगितल्यावर म्हणाले, "आम्ही जायातून काढू काढू फेकतो त्याले. इतकं लेकरांचं करतो का तो?" पुढे जाळं झाडताना त्यांनी एक पाण्यात परत सोडला, हे मी पाहिलं. अर्थात तो मादी असेल तर बाबांचे श्रम वाया.

अहवाल दुसऱ्या दिवशी भरायचा होता. त्यात उपस्थित विद्यार्थी, उपस्थित मान्यवर, पाहिलेल्या पक्ष्यांच्या जाती, घेतलेली शपथ आणि छायाचित्रे एवढे रकाने होते. पक्ष्यांच्या रकान्यात सरांनी बॅनरवरचे राजहंसही घातले. किड्यांसाठी रकाना नव्हता. मॅडमनी 'इतर' मध्ये बारीक अक्षरात लिहिलं, आणि जागा संपल्यावर कागद आडवा करून समासात लिहिलं. महाराष्ट्रात रामसरच्या यादीत पहिलं नाव लागलं ते नांदूर मधमेश्वरचं, मग २०२० मध्ये लोणारचं. तिथल्या शाळांचे अहवाल तरी समासातून बाहेर आले असतील अशी आशा आहे.

आमच्या घरी प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. चिरंजीवांनी डबा झाकणासकट परत आणला, पण रिकामा नाही. त्यात चतुराची एक अळी होती, चढायला एक काडी होती, आणि तिच्या खाण्याची सोय म्हणून डासाच्या पंधरावीस अळ्या. हे सगळं लोणच्याच्या बरणीत भरून गॅलरीत ठेवण्यात आलं.

"ही किती दिवस राहणार?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"पंख फुटले की जाईल आई. यांच्यातले काही समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात."

"मग फुटू देत लवकर."

पंख फुटायच्या आत आरोग्य खात्याच्या ताई आल्या. कंटेनर सर्वेक्षण होतं. फ्रिजमागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या बशा, पाण्याची टाकी, सगळीकडे त्यांनी बॅटरी मारली. सगळं कोरडं. आमची छाती फुगत होती, तोच त्या गॅलरीत गेल्या.

"अळ्या आढळल्या," त्या म्हणाल्या आणि पेन काढलं.

"ताई, त्या खाण्यासाठी आहेत," चिरंजीव म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मुलाने मग सगळं समजावलं. मोठी अळी कुणाची, छोटी कुणाची, जबडा कसा सुटतो, आणि विचारलं नसताना, ती श्वास कुठून घेते. ताई वाकून बसल्या. त्यांच्या समोरच दोन अळ्या गेल्या. दुसरी गेली तेव्हा ताईंनी "अगं बाई" म्हणून पेन खाली ठेवलं.

फॉर्मवर दोनच पर्याय होते, 'होय' आणि 'नाही'. मुलाचं म्हणणं, बरणीत सकाळी एकोणीस होत्या, आता सात आहेत, हे लिहा. ताई म्हणाल्या, असं लिहायला जागा नाही. त्यांनी 'होय' वर खूण केली, आम्हाला रीतसर नोटीस दिली, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगितलं, आणि चप्पल घालता घालता चिरंजीवांना बाजूला घेऊन विचारलं,

"अशा अजून मिळतील का रे? आमच्या घरामागे एक जुना हौद आहे."